वहीतले तीन विष्णू

पत्र (नावं बदलली आहेत, मजकूर थोडा आटोपता केला आहे)

सासरे जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या हातची वंशावळीची वही माझ्याकडे आली आणि निवृत्त झाल्यावर मी ती पुरी करायला घेतली. वहीत सासरे धरून सहा पिढ्या आहेत आणि नावं मात्र दोनच. गणेशचा विष्णू, विष्णूचा गणेश, त्याचा पुन्हा विष्णू, असं खाली येत येत शेवटचे विष्णू म्हणजे माझे सासरे, जन्म १९२१चा. माझे चुलतदीर म्हणतात, मामंजींनी जुन्या कागदावरून उतरवताना एक जोडी दोनदा लिहिली. ते दोन पिढ्या गाळून चार पिढ्यांची वंशावळ छापायला देणार आहेत. त्यांचा पुरावा असा : सासऱ्यांचे आजोबा विष्णू, त्यांची बायको लक्ष्मी. त्या आजोबांचे आजोबाही विष्णू आणि त्यांचीही बायको लक्ष्मी. नवरा-बायको दोघांची नावं दोनदा तीच कशी येतील? (गणेशांच्या बायकांची नावं वेगवेगळी आहेत, त्यात लक्ष्मी नाही.) माझ्या मिस्टरांचं नाव गणेश का नाही, तेही कुणाला सांगता येत नाही. सासऱ्यांच्या आजोबांची पत्रिका आहे, शके १७८८ची. जमिनीच्या एका जुन्या फेरफारात ‘भिकाजी गणेश’ असं नाव सापडलं, तो आमच्या वहीत कुठेच नाही. त्यात आता मुलाकडे पाळणा हलणार आहे. मुलगा झाला तर विष्णूच ठेवायचं, असा मोठ्यांचा धोशा, आणि सुनेला ते नाव नको. जाता जाता एक : माळ्यावर तांब्याचं जड घंगाळ आहे. त्यावर ‘लक्ष्मी कोम विष्णु शके १७८६’ अशी अक्षरं आहेत. हे कोम कोण? कुणाच्या उपयोगाचं नाही, मोडीत घालू का?

उत्तर

ताई,

घंगाळ मोडीत घालू नका. आधी एवढं करा, बाकीचं सावकाश बोलू.

कोम हा कुणी माणूस नव्हे. जुन्या कागदांत ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. कुठे त्याऐवजी ‘भ्रतार’ असतं, कुठे नुसतं ‘भ्र.’. तुमच्या घंगाळावर लिहिलंय, विष्णूची बायको लक्ष्मी. आता शकात ७८ मिळवा. (पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९, पण इथे त्याने फरक पडत नाही.) शके १७८६ म्हणजे इसवी १८६४. आणि सासऱ्यांच्या आजोबांची पत्रिका शके १७८८ची, म्हणजे १८६६. घंगाळावर नाव घातलं तेव्हा ते विष्णू जन्मालाच यायचे होते, मग त्यांची लक्ष्मी कुठून येणार? ही लक्ष्मी दुसऱ्या विष्णूची. मामंजींनी वहीत वर लिहिलेल्या, आणि चुलतदीर खोडायला निघालेल्या विष्णूची.

एक शंका मी स्वतःच काढतो, म्हणजे ती चुलतदिरांनी काढायला नको. भांडी माहेराहून येतात. हे घंगाळ एखाद्या सुनेबरोबर दुसऱ्याच घरातून आलं असेल, आणि तिथेही विष्णू-लक्ष्मी असतील. नावं इतकी सर्रास आहेत की हे अगदी अशक्य नाही. म्हणून भांडं उजेडात आणा, चिंच लावून हलक्या हाताने घासा आणि काठाच्या आतून, कानांच्या खाली, बुडाशी बघा. गावाचं नाव, आडनावाचं पहिलं अक्षर, ‘हिस अमक्याकडून’ असं काही ठोकलेलं असतं. अक्षरावर पीठ चोळून बाजूने बॅटरी धरलीत तर पुसट टिंबंसुद्धा उठून दिसतात. फोटो काढा. आणि घरातली बाकीची तांब्या-पितळेचीही एकदा बघून घ्या. मराठी घरात बायकांची नावं कागदापेक्षा भांड्यांवर जास्त सापडतात.

आता दोन लक्ष्मींचं. चुलतदिरांना जो योगायोग वाटतो तो योगायोग नाहीच. तुमच्या लग्नात तुमच्या मिस्टरांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं असेल ना? ते नाव पुष्कळ घरांत नवऱ्याच्या नावाला जोडून निवडत. विष्णूची लक्ष्मी, शंकराची पार्वती, रामाची सीता. म्हणजे आजोबांचं नाव नातवाला मिळालं, की आजीचं नाव नातसुनेकडे जवळजवळ चालतच येई. घरात विष्णू तीन असतील तर लक्ष्मी दोन असणं हा चुकीचा पुरावा नव्हे, रीत पाळल्याचा आहे.

याचा दुसरा अर्थ असा, की वहीतली लक्ष्मी जन्मापासून लक्ष्मी नव्हती. झाशीची लक्ष्मीबाई माहेरी मणिकर्णिका होती. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. आनंदीबाई जोशी, डॉक्टर झालेल्या, १८६५ साली जन्मल्या त्याही यमुनाच. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. या चौघींची माहेरची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवलं. तुमच्या दोन लक्ष्मींबद्दल लिहिलेलं असेल तर ते त्यांच्या माहेरच्या वहीत असेल, तुमच्या नाही. म्हणून आडनावं शोधा. त्यांच्या माहेरच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत असेल तर त्यात मुलगी कुठल्या गावी, कुणाकडे दिली ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. तुमच्याकडे जिची एक ओळ आहे तिचे भाऊबहीण, आईबाप तिथे भेटतील.

नातवाला आजोबांचं नाव, ही रीत पेशव्यांकडे फार स्वच्छ दिसते. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२०मध्ये गेले. बाजीरावांना ८ डिसेंबर १७२०ला मुलगा झाला, त्याचं नाव बाळाजी. आपण त्यांना नानासाहेब म्हणतो. पुढे राघोबादादांनी आपल्या मुलाला स्वतःच्या वडिलांचं, बाजीराव हे नाव दिलं, तो दुसरा बाजीराव. पेशव्यांच्या दोन बाळाजींना वेगळं काढणं सोपं, कारण बापाचं नाव वेगळं : एक बाळाजी विश्वनाथ, दुसरा बाळाजी बाजीराव. तुमच्याकडे दोनच नावांची अदलाबदल असल्यामुळे बापाचं नावही तेच पडतं. विष्णू गणेशच्या खाली गणेश विष्णू आणि त्याच्या खाली पुन्हा विष्णू गणेश. कागदावर हे तिघे विष्णू जुळे भाऊ असल्यासारखे दिसणार.

छत्रपतींच्या घरात याच रीतीचा दुसरा गुंता आहे. संभाजीराजांच्या मुलाचं नाव शिवाजी, म्हणजे साताऱ्याचे शाहू. राजाराम-ताराबाईंच्या मुलाचंही नाव शिवाजी. दोघे एकाच आजोबांचे नातू, दोघांना आजोबांचंच नाव. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्याही एखाद्या गणेशला भाऊ असतीलच, आणि त्यांनीही आपापल्या थोरल्याचं नाव विष्णू ठेवलं असेल. एकाच वाड्यात एकाच वेळी दोन विष्णू. मात्र त्यांचे बाप वेगळे, म्हणून ‘विष्णू गणेश’ आणि ‘विष्णू हरी’ असं काही दिसलं तर घाईने एक करू नका आणि घाईने परकंही ठरवू नका.

नानासाहेबांच्या जन्माची तारीख आणखी एका गोष्टीसाठी बघा. आजोबा एप्रिलमध्ये गेले आणि नातू डिसेंबरमध्ये झाला. हयात माणसाचं नाव ठेवत नाहीत, असं पुष्कळ घरांत मानतात. तुमच्या मिस्टरांचं नाव गणेश का नाही, याचं उत्तर बहुधा इथेच आहे : त्यांच्या जन्माच्या वेळी त्यांचे आजोबा गणेश हयात असणार. विचारून बघा. तसं निघालं तर मग हाच नियम उलटा लावून वरच्या पिढ्यांच्या मृत्यूचा अंदाज येतो. सासरे १९२१चे आणि विष्णू, तर त्यांचे आजोबा त्याआधी गेलेले असावेत. अंदाज म्हणूनच पेन्सिलीने लिहा. सगळी घरं हे पाळत नसत, आणि पाळणारीही कधीकधी विसरत.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे तुम्हाला छळणार आहे ते सांगतो. सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. बायकोने नवऱ्याचं घ्यायचं नाही. मग पाळण्यात विष्णू झोपलाय आणि त्याच्या आईच्या सासऱ्यांचं नाव विष्णू, तर आई त्याला हाक कशी मारणार? म्हणून तो बाळ होतो, बापू होतो, मोठेपणी अप्पा, नाना, तात्या, अण्णा. पत्रांत, हिशेबाच्या वहीत, शेजाऱ्यांच्या आठवणीत तेच नाव राहतं; विष्णू फक्त सरकारी कागदावर आणि श्राद्धात. लोकमान्यांचं खरं नाव केशव होतं, ‘बाळ’ हे घरातलं. आज केशव गंगाधर म्हटलं तर किती जणांना कळेल? आमच्याकडे ‘अण्णा’ नावाने तीन पिढ्यांची पत्रं एकाच ट्रंकेत होती आणि मी दोन वर्षं एकाच अण्णाचं चरित्र जुळवत होतो. तो हिशेबाने एकशे अकरा वर्षं जगला तेव्हा डोळे उघडले.

‘भिकाजी गणेश’ तुमच्या वहीत नसण्याचं कारण याच्याच जवळपास असू शकेल. आधीची मुलं जगली नाहीत, की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवत : भिकाजी, धोंडू, दगडू, केरबा. पत्रिकेत एक नाव, दारात दुसरं. तलाठ्याने दारातलं लिहिलं असेल. म्हणजे हा भिकाजी तुमच्यापैकीच एखादा विष्णू असेल, किंवा त्या विष्णूचा सख्खा भाऊ असेल, जो निपुत्रिक गेला म्हणून वहीत आला नाही. फेरफाराची पुढची नोंद काढा. भिकाजी मयत झाल्यावर वारस कोण लागले ते तिथे असतं. गाव नमुना ६-क ही वारसांचीच नोंदवही. वारस म्हणून पुढचा गणेश मुलगा या नात्याने आला, तर भिकाजी म्हणजेच विष्णू. पुतण्या म्हणून आला, तर भाऊ. तोवर वहीत त्याला स्वतंत्र पान द्या, कुणाशी चिकटवू नका. (हलकी नावं मुलींच्या वाट्याला आली ती मात्र दृष्टीसाठी नव्हे. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. वंशावळीत नकुशा दिसली की तिच्या वर बहुधा मुलीच असतात.)

एकच माणूस कागदागणिक वेगळा दिसण्याची आणखी एक तऱ्हा आहे. रामचंद्राचा रामा, रामजी, रामचंद्रपंत, नारायणाचा नारो, रघुनाथाचा राघो, मोरेश्वराचा मोरो, अनंताचा अंताजी. जी, बा, पंत, राव ही शेपटं लिहिणाऱ्याच्या मर्जीने आणि माणसाच्या ऐपतीने लागत आणि गळत. फक्त ‘विसाजी’ दिसला तर तो विष्णूचा म्हणून उचलू नका. विसाजी सहसा विश्वनाथाचा.

नाव माणसाला वेगळं काढत नसेल तर काय काढतं? बायको काढते, गाव काढतं, आणि सगळ्यांत चांगली तिथी काढते. दोन विष्णूंची नावं एक असतील, श्राद्धतिथी एक असणं कठीण. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजोबा, पणजोबा यांची नावं गोत्रासकट घ्यावी लागतात, आणि आई, आजी, पणजी यांचीही. आईकडच्या पुरुषांचीही. महालयात तर काका, मामा, आत्या, सगळे. गुरुजी विचारतील तेव्हा ऐन वेळी अडायला नको म्हणून घरात त्याची एक यादी करून ठेवलेली असे, आणि ती पूजेच्या पेटीत, पोथीच्या फडक्यात किंवा पंचांगाच्या घडीत असते. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांच्या हातची अशी यादी मिळाली तर ताई, सोनं मिळालं समजा. ते संकल्पात म्हणणार : विष्णू, गणेश, विष्णू. चुलतदिरांच्या चार पिढ्यांत त्यातला तिसरा विष्णू बसतच नाही. घंगाळ आणि ही यादी, दोन्ही एका बाजूने बोलले की वाद संपला.

यादी नाही मिळाली तर त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाने आपलं नाव, बापाचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं लिहून दिलेलं असतं, बऱ्याचदा स्वतःच्या हाताने. आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. तुम्ही आज राहता ते शहर सांगून काही निघणार नाही. नोंद मोडी लिपीत असली तर फोटो काढू द्या म्हणावं आणि जाणत्याकडून वाचून घ्यावी. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत, म्हणून ‘अंदाजाने वाचलं’ याला अर्थ नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१०पासूनचं. तिथे मोडी वाचणारी माणसं भेटतात. शिकायची हौस असली तर मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, आणि तुमच्यासारख्या चिकाटीच्या बाईला महिनाभरात नावं तरी वाचता येतील.

शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर आणि गावची जन्म-मृत्यूची नोंद, गाव नमुना १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, हेही बघा. फक्त शाळेतल्या १ जून या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. अर्धा गाव त्या दिवशी जन्मलेला असतो.

आडनावाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून दोनच वाक्यं. शंभर-दीडशे वर्षांच्या वर गेलात की आजचं आडनाव मिळेलच असं नाही : नाना फडणवीस मूळचे भानू, जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं कटगुणचं गोऱ्हे. आणि मध्ये कुठे दत्तक असेल तर आडनाव, बापाचं नाव आणि कधी स्वतःचंही नाव बदलतं; कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापुरात दत्तक आला आणि शाहू झाला. वहीत दत्तकाच्या दोन्ही रेघा काढा, जन्माची तुटक आणि दत्तकाची सलग.

चुलतदिरांशी भांडू नका. त्यांनी प्रश्न विचारला म्हणून तुम्ही घंगाळाकडे नीट बघणार आहात. त्यांना घरी बोलवा, घंगाळ आणि पत्रिका दोन्ही पुढ्यात ठेवा आणि बेरीज त्यांनाच करू द्या. आणि छापायला द्याल तेव्हा विष्णूंना आकडे द्या : विष्णू (१), विष्णू (२), विष्णू (३). प्रत्येकासमोर बायको, तिथी आणि ही माहिती कुठून मिळाली ते. मामंजींनी ‘कुठून मिळाली’ एवढंच लिहिलं असतं तर हा वाद झालाच नसता.

बाळाचं म्हणाल, तर नाव आईबापांनी ठेवावं. माझं मत स्पष्ट आहे आणि ते मोठ्यांना आवडणार नाही. पण रीतीतच पळवाट आहे. जुन्या पद्धतीने मुलाला एक नाव नसतंच : कुलदेवतेचं एक, महिन्याचं एक, नक्षत्राचं एक आणि व्यवहाराचं एक. बारशाला आत्याने कानात विष्णू म्हणावं, जन्मदाखल्यावर सुनेला हवं ते जावं. वहीत दोन्ही लिहा. शिवाय १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही येतं, आधी बाळाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. पुढे कुणी ही वंशावळ उघडली तर विष्णू गणेश आणि विष्णू गणेश असा घोळ त्याला होणार नाही. मध्ये तुमच्या सुनेचं नाव असेल.

सुनेवरून आठवलं. पत्राखाली तुम्ही सासरचं नाव लिहिलंत आणि कंसात, ‘माहेरचं आता कुणी घेत नाही’. वहीत तुमच्या मिस्टरांच्या शेजारी काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, पण घरातल्या दोन्ही लक्ष्मींचं माहेरचं नाव सांगणारं आज कुणी उरलेलं नाही. तुमचं सांगणाऱ्या तुम्ही आहात. पेन हातात आहेच. घंगाळ घासायला घ्यायच्या आधी ती ओळ लिहून टाका : नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव.